ज्याचा त्याचा कप्पा

"आधी त्या कुत्र्याला आवर!" फ्रीडे ओरडली. "चाटतंय ते! तुला दिसत नाही का?"

गेर्नोट थाइसेनने नाकावरचा रुमाल न काढताच शिटी मारून पाहिली. शिटी रुमालातच राहिली. कुत्रा मात्र शीतघराच्या पायरीशी बसून मन लावून चाटत होता. दाराच्या फटीतून एक तपकिरी, चिकट ओघळ बाहेर आला होता आणि पायरीवरून चौकातल्या दगडांपर्यंत पोचला होता. त्यावर माशा घोंघावत होत्या. फ्रीडेने पायातला लाकडी बूट काढून कुत्र्याच्या दिशेने भिरकावला तेव्हा कुठे तो उठला.

"हे कधीपासून चाललंय?" तिने विचारले.

"परवापासून असेल. मंगळवारीही असेल. मी काही इथे पहाऱ्याला बसलो नव्हतो."

"आणि वीज कधी तोडली?"

"तू बहिणीकडे ट्रिअरला गेलीस ना, त्याच दिवशी. गटपंचायतीचा वायरमन आला होता."

"म्हणजे आठवडा झाला. बाहेर एवढं ऊन, आणि आत मांस. अख्ख्या गावात एकालाही मला फोन करावासा वाटला नाही?"

गेर्नोटने खांदे उडवले. तो चार पावले लांब उभा होता आणि तिने एक पाऊल पुढे टाकले की तो एक मागे सरकत होता. त्याच्या काखेत उद्याच्या सोहळ्याच्या रंगीत पताकांचे भेंडोळे होते.

हेकेनशाइट हे गाव म्हणजे एक उतरता रस्ता, एक चर्च, एक गुत्ता आणि हा चौक. चौकात बटाट्याच्या कोठाराएवढे हे विटांचे शीतघर. घरोघरी फ्रीज नव्हते तेव्हा गावाने वर्गणी काढून ते बांधले. आत भिंतीत बारा खोल कप्पे, प्रत्येकाला जाड दार आणि कुलूप. नोव्हेंबरात डुकरे कापली की ज्याचे त्याचे मांस ज्याच्या त्याच्या कप्प्यात जाई. पुढे घरोघरी फ्रीज आले तरी कप्पा कोणी सोडला नाही. आजोबांचा कप्पा नातवाकडे आला. शीतघराची देखभाल फ्रीडे ब्राउबाखकडे होती. वर्षातून एकदा बर्फ वितळवून कप्पे पुसायचे, यंत्राला तेल द्यायचे, बाराही कप्प्यांच्या जादा किल्ल्या सांभाळायच्या. त्याशिवाय सभागृह झाडणे, बसथांब्याची काच पुसणे आणि दफनभूमीतल्या नळाशी लोकांनी टाकलेली सुकी फुले उचलणे हेही तिच्याकडेच होते. हे तिला कोणी नेमून दिले होते असे नाही. एकदा तिने केले, दुसऱ्यांदा केले, मग ते तिचेच झाले.

"मी दार उघडते. तू प्रत्येकाला बोलाव. आपापला कप्पा येऊन रिकामा करा म्हणावं," ती म्हणाली.

"मी कोण बोलावणारा? मी पहिल्या तारखेपासून माजी सरपंच आहे. गावच उरलं नाही तर सरपंच कुठला?"

"उद्या व्यासपीठावर भाषण कोण करणार आहे?"

"ते वेगळं. ते मानाचं आहे." गेर्नोटने पताका सावरल्या. "तू गटपंचायतीला फोन लाव. शुक्रवार आहे, बारानंतर तिथे चिटपाखरू नसतं. लवकर लाव."

आणि तो पताका लावायला चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेला, वाऱ्याची दिशा बघून.

फ्रीडे घरी आली. हात दोनदा धुतले तरी वास गेला नाही. तिने फोन लावला. कसब्यातल्या गटपंचायतीच्या कचेरीत एकवीस गावांची कामे चालत. जन्म, मृत्यू, दिवे, गटारे, कुत्र्यांचा कर, सगळे तिथेच. प्रत्येक गावाला आपला सरपंच आणि आपली पंचायत होती खरी, पण कागद सगळा कसब्यात. आता सरकारने टुमणे लावले होते की शंभर-सव्वाशे वस्तीची गावे पंचायतीला माणसेसुद्धा देऊ शकत नाहीत, तर त्यांनी एकत्र यावे. एकत्र येणाऱ्यांना रस्ता नवा करून मिळेल. हेकेनशाइटला शेजारच्या लिंडरातशी जोडायचे ठरले, आणि उद्याचा सोहळा त्याचाच होता. ज्या लिंडरातच्या मुलीशी लग्न केले तर आई आठ दिवस बोलत नसे, त्या लिंडरातशी. गुत्त्यात एकही माणूस या विलीनीकरणाच्या बाजूने नव्हता. मतपेटी उघडली तर तीन चतुर्थांश मते बाजूने निघाली. दुसऱ्या दिवशी गुत्त्यात सगळे एकमेकांना विचारत होते, "कोण रे ते गद्दार?"

"फ्राऊ ब्राउबाख, शीतघराचा प्रश्न आमच्याकडे येत नाही," फोनवरच्या बाई, फ्राऊ डामेन, गोड आवाजात म्हणाल्या. "ती गावाची मालमत्ता आहे."

"मग गावाला सांगते. कुठल्या गावाला सांगू?"

"तेच सांगते. तुमचं गाव तीस जूनला रात्री संपलं. नवं गाव एक जुलैला सुरू झालं."

"मग नव्या गावाच्या सरपंचाला सांगते."

"निवडणूक सप्टेंबरात आहे. तोपर्यंत प्रशासक आहेत."

"मग त्यांना जोडून द्या."

"ते रजेवर आहेत. मलाही वाईट वाटतं हो. पण आमच्या माणसाने वीज तोडायच्या आधी विचारलं होतं, तशी नोंद आहे. 'शीतघर रिकामं आहे का?' तुमचे सरपंच म्हणाले, 'कधीच रिकामं केलंय.'"

फ्रीडे खुर्चीवर बसली.

"कोण म्हणालं?"

"थाइसेनसाहेब. सुट्टी छान जावो, फ्राऊ ब्राउबाख."

मे महिन्यातली ती संध्याकाळ तिला लख्ख आठवली. यंत्रातला जुना वायू आता चालत नाही, जूनअखेर शीतघर बंद होईल, कप्पे रिकामे करा, अशी सूचना कसब्यातून आली होती. गुत्त्यात सभा भरली. गेर्नोटने टेबलावर मूठ आपटली. "रिकामं करायचं नाही! गाव घेतलं, नाव घेतलं, आता कप्पे पण? आपलं मांस आत असताना वीज कोण तोडतो ते बघतोच! जो कप्पा रिकामा करील तो हेकेनशाइटचा नाही!" सगळ्यांनी ग्लास उंचावले. बुर्कहार्ट शिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. फ्रीडेनेही ग्लास उंचावला होता. आणि मग कसब्यातला एक वायरमन शर्टावर नावाची पट्टी लावून समोर उभा राहिला, तर या वाघाच्या तोंडून निघाले, कधीच रिकामं केलंय. सरकारी माणसापुढे आपण अडून बसलोय हे कबूल करायची लाज वाटली. बाकीच्यांनी यंत्राची घरघर बंद झालेली ऐकली आणि खिडक्या लावून घेतल्या.

तिच्या स्वतःच्या कप्प्यात काय होते ते ती सकाळपासून मनात येऊ देत नव्हती. आलोइस, तिचा नवरा, फेब्रुवारीत गेला. त्याने नोव्हेंबरात शेवटचे डुक्कर कापले होते आणि त्याची रक्ताची सॉसेजेस त्या कप्प्यात होती. त्यात तो मरवा घालायचा आणि थोडे सफरचंद किसून घालायचा, तसे गावात कोणी करत नसे. तिने हिवाळ्यात एकच काढून खाल्ले होते. बाकीची हात लावायचा धीर होईना म्हणून राहिली, आणि मग शपथ झाली म्हणून राहिली.

दहा वाजता ती दारोदार निघाली.

शेजारच्या हिल्ट्रुडने दार अर्धेच उघडले. आत उद्यासाठी केक भाजल्याचा वास होता.

"अगं फ्रीडे, माझा कप्पा तर रिकामाच आहे. कधीचा."

"मेमध्ये तुझं वासराचं मांस मीच आत लावलंय."

"ते? ते संपलं. पाहुणे आले होते ना." हिल्ट्रुडने एप्रनला हात पुसले. "पण खरंच गं, काहीतरी कर बाई. उद्या लिंडरातची माणसं येणार. मी चौकात केकचं टेबल लावू तरी कसं? तुला त्या कामाची सवय आहे, आमची तर आतडीच बाहेर येतील."

"माझी नाही येणार?"

"तसं नाही गं. तू म्हणजे तू."

बुर्कहार्टचे म्हणणे निराळे होते. तो बंदूक पुसत अंगणात बसला होता. फ्रीडेने त्याला लहानपणी नाक पुसून शाळेत नेले होते.

"फ्रीडेमावशी, तो कप्पा माझ्या नावावर नाहीच. सासऱ्यांच्या नावावर आहे."

"तुझा सासरा वर गेला त्याला सहा वर्षं झाली."

"मग त्यांना विचार," बुर्कहार्ट हसला. आपल्याच विनोदावर तो बराच वेळ हसत राहिला. "आणि हे बघ, दुपारपर्यंत झालं तर बरं. साडेतीनला आमचं बँडपथक चौकात सराव करणार आहे. तो वास तोंडात घेऊन तुतारी कशी फुंकायची?"

पुढच्या घरी कोणी दार उघडले नाही, पण पडदा हलला. त्याच्या पुढच्या घरी सून म्हणाली, सासूबाई झोपल्यात, कप्प्याचं त्यांनाच माहीत. सासूबाई मागून खोकल्या. रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत फ्रीडेला कळून चुकले की हेकेनशाइटात एकाही माणसाच्या कप्प्यात काहीही नाही. मग दाराखालून येतेय ते काय, कोणाचे, याचे कोणाला काही देणेघेणे नव्हते. सगळ्यांनी काखा वर केल्या होत्या आणि वर तिच्याकडेच बघत होते. तिला त्या एकेका चेहऱ्याचा तिटकारा आला. चांगले कपडे घातलेले, इस्त्री केलेले, नीट भांग पाडलेले चेहरे.

तरी तिने रबरी हातमोजे चढवले. गुडघाभर बूट घातले, तोंडाला आलोइसचा जुना मफलर बांधला आणि शीतघराचे दार उघडले. काय करणार? उद्या लिंडरातच्या लोकांनी नाक दाबून हसावे, हेही तिला बघवले नसते. गावाची अब्रू ही गोष्ट तिच्यासारख्या मूर्खांच्या जिवावरच चालते.

आतला वास अंगावर धावून आला. ती बाहेर येऊन गटारापाशी वाकली, ओकली, तोंड पुसले आणि परत आत गेली. जमिनीवर बोटभर पाणी होते, त्यात चरबी तरंगत होती. कप्प्यांच्या दारांच्या रबरी कडांवर पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तिने पहिला कप्पा उघडला. तो गेर्नोटचा.

दाराशीच फुगलेल्या पिशव्या होत्या. डुकराचे कान, एक केव्हाचा मासा, फुप्फुसे, कुत्र्यासाठी ठेवलेली हाडे. एक पिशवी फुटून तिच्यातले हिरवट पाणी खाली गळत होते. तिने हात घालून पुढची रांग ओढली आणि थांबली. मागे मांस नव्हते. मागे वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले होते. नुसते कागद, थेट मागच्या भिंतीपर्यंत.

मेमध्ये बुर्कहार्टने मारलेले अर्धे रानडुक्कर याच कप्प्यात गेले होते. तिनेच खांदा लावून ते आत ढकलले होते. ते कुठे गेले?

तिने दुसरा कप्पा उघडला. हिल्ट्रुडचा. पुढे कोंबड्यांच्या माना आणि काळी पडलेली बोरे, मागे रिकामी खोकी. तिसरा बुर्कहार्टचा. पुढे हरणाची शिंगासकट मुंडकी, मागे उशीचे जुने अभ्रे, कोणी दार किलकिले करून पाहिले तर भरलेला वाटावा म्हणून नीट रचलेले. चौथा, पाचवा, सहावा, सगळे तसेच. प्रत्येकाने चांगले ते गुपचूप घरी नेले होते आणि शपथ पाळायला घरातली घाण ठेवली होती. एका कप्प्यातला ओला कागद तिने उलगडून तारीख पाहिली. गुत्त्यातल्या सभेच्या दुसऱ्याच दिवसाचा तो अंक होता. डोळ्यांतले पाणी वाळायचीही वाट पाहिली नव्हती.

अकरा कप्पे झाले. राहिला तिचा. तिने तो उघडला. तो काठोकाठ भरलेला होता. मांस मऊ पडले होते, कागद ओले झाले होते. आत खोलवर अजून थोडा गारवा होता, कारण भरलेला कप्पा थंडी धरून ठेवतो. हे तिला इतक्या वर्षांत पाठ झाले होते, आणि तेच आता तिला हसायला लावत होते. बाकीचे अकराही असेच भरलेले असते तर एवढ्या लवकर हे झालेच नसते. आलोइसची सॉसेजेस तिने हातात घेतली. कातडी तिच्या बोटांत फाटली. तिने मफलर खाली करून वास घेतला. मरव्याचा वास आला, आणि त्याच्याखाली दुसराही आला. तिने ती परत ठेवली.

चांगले घरी न्यावे हे आपल्या डोक्यातसुद्धा का आले नाही, असे तिने स्वतःला विचारले. आणि तिला आपलीही किळस आली, त्या एवढ्या भोळेपणाची.

"फ्रीडे? आहेस का आत?" बाहेरून गेर्नोटचा दबका आवाज आला. "किती झालं?"

ती दारात आली. हातमोजे कोपरापर्यंत माखलेले.

"तुझं रानडुक्कर कुठाय?"

"कुठलं रानडुक्कर?"

"अर्धं. मागची तंगडी धरून मी ढकललेलं."

गेर्नोटने मागे वळून पाहिले. "हळू बोल ना. अगं, मला वाटलं, बाकीच्यांचं तर आहेच आत. एकट्याचं काढलं तर काय फरक पडतोय?"

"अकरा जणांना तेच वाटलं."

"काय सांगतेस! हिल्ट्रुडनेपण? बुर्कहार्टनेपण?" त्याचा चेहरा क्षणभर खरोखर दुखावला. "काय माणसं आहेत बघ. आणि हा गुत्त्यात रडतो!"

या माणसाला बुर्कहार्टची लाज वाटत होती.

"फ्रीडे, ऐक. झालं ते झालं. आजचा दिवस सांभाळून घे. कोणाला काही बोलू नकोस. सगळं एकत्र कर, कुठेतरी लांब टाकून ये, पाणी मार. उद्या भाषणात मी तुझं नाव घेईन. टाळ्या वाजतील. तू नेहमीच करतेस गं, यंदा शेवटचं."

"शेवटचं," ती म्हणाली.

"शेवटचंच. आता शीतघरच नाही."

त्याच वेळी उतारावरून ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत सोहळ्याची लाकडी बाके होती आणि चालवत होती लिंडरातची माजी सरपंच आनेग्रेट शुलर. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, गोठ्यातल्या निळ्या डगल्यातच आलेली. गावात तिला सगळे 'शेणवाली' म्हणत. ती पाठीमागे असताना म्हणत. गेर्नोट तिला पाहताच "मी जरा माइकचं बघतो" म्हणून सटकला.

आनेग्रेटने ट्रॅक्टर बंद केला. एकदा श्वास आत घेतला. मग खाली उतरून सरळ दारापर्यंत आली. चार पावले लांब थांबली नाही.

"शीतघर?" तिने विचारले.

"हो."

"वीज तोडली आणि मांस आतच?"

"हो." फ्रीडे तिच्या हसण्याची वाट बघत होती. लिंडरातचे हसणे तिने आयुष्यभर ऐकले होते, फुटबॉलच्या मैदानावरून, मिरवणुकीतून.

आनेग्रेट हसली नाही. तिने डोकावून पाहिले. वर्तमानपत्रांचे ओले बोळे पाहिले. काय झाले असेल ते तिला सांगावे लागले नाही.

"फ्राऊ ब्राउबाख, आमच्याकडे तळ्याच्या बाबतीत असंच झालं होतं. गाळ काढायला सगळे येणार होते. चिखलात मी आणि माझी सासू. बाकीचे पुलावरून बघत होते." ती म्हणाली. "बाकं उतरवते. ट्रॉली रिकामी झाली की हे सगळं तिच्यात टाकू. मेलेली जनावरं घेतात ना, त्या कारखान्यात माझी ओळख आहे, दोनपर्यंत उघडा असतो. चार बादल्या ब्लीच मारू. संध्याकाळी इथे काही झालं होतं हे कोणाला कळणारसुद्धा नाही. मी आमच्या गावात अवाक्षर काढणार नाही, शब्द देते."

फ्रीडेचे डोळे भरून आले. सकाळपासून पहिले माणुसकीचे बोलणे तिला लिंडरातच्या बाईकडून ऐकावे लागत होते. आणि किती सोपे होते! दोन वाजेपर्यंत सगळे नाहीसे. उद्या टाळ्या. हिल्ट्रुड केक कापून देईल, म्हणेल, तू म्हणजे तू. तिला समोर ते सगळे दिसले, चौक, पताका, इस्त्रीचे चेहरे, आणि पुन्हा शिसारी आली. आतल्या घाणीने आली नव्हती इतकी आली.

"नको," ती म्हणाली.

"का हो?"

"मी नेलं तर ते माझं होतं. हे माझं नाही. ज्याचं त्याला जाऊ दे. तुमच्याकडे बादल्या आहेत? झाकणाच्या?"

आनेग्रेटने डगल्याच्या बाह्या वर सारल्या. "गुरांच्या मिठाच्या. ढिगाने पडल्यात."

"आणाल?"

"आणते. आणि मला आनेग्रेट म्हण. असल्या कामात 'तुम्ही आम्ही' नको."

"फ्रीडे," फ्रीडे म्हणाली. हातमोजे माखलेले होते म्हणून तिने कोपर पुढे केले, आणि आनेग्रेटने कोपराला कोपर लावले.

दुपारभर दोघी आत होत्या. आनेग्रेट मोकळेपणी शिव्या देत होती, फ्रीडे बादल्या भरत होती. एका कप्प्याचे एका बादलीत, दुसऱ्याचे दुसरीत, काही मिसळू दिले नाही. मुंडकी, माना, कान, कागदसुद्धा. कागदही ज्याचे त्याला. बादल्यांवर काही लिहायची गरज नव्हती, फ्रीडेला कप्पे तोंडपाठ होते. साडेतीनला बँडपथक आले, चौकात उभे राहिले, ट्रॉलीवर ओळीने लागत चाललेल्या बादल्या पाहिल्या आणि सराव सभागृहात घ्यायचे ठरवले.

मग ट्रॅक्टर निघाला. आनेग्रेट चालत्या माणसाच्या वेगाने चालवत होती आणि फ्रीडे ट्रॉलीच्या बाजूने चालत होती. पहिले घर गेर्नोटचे. तिने दोन बादल्या उचलून पायपुसण्यावर ठेवल्या. झाकण सैल होते ते दाबले नाही.

वरची खिडकी उघडली. "फ्रीडे! हे काय?"

"तुझं."

"अगं, लिंडरातच्या ट्रॅक्टरवरून? सगळ्या रस्त्यातून? वेड लागलंय का तुला?"

"तुझं नसेल तर तसंच राहू दे. ज्याचं असेल तो घेऊन जाईल."

खिडकी बंद झाली आणि तिच्यावरची पट्ट्यांची झडप खडखडत खाली आली. भर दुपारी, लख्ख उन्हात.

हिल्ट्रुडच्या दारात फ्रीडे बादली ठेवत होती तेव्हा दाराआड पावले वाजली आणि थांबली. दार उघडावे तर कप्पा रिकामा असल्याचे काय सांगायचे? पावले मागे गेली. तिचीही झडप उतरली. मग पुढच्या घराची, मग त्याच्या पुढच्या. ट्रॅक्टर पोचायच्या आतच झडपा उतरू लागल्या. रस्ताभर तो एकच खडखडाट चालला होता आणि फ्रीडे मान वर न करता दारोदार वाकत होती. बुर्कहार्टच्या पायरीवर तिने बादली ठेवली, झाकणातून शिंगे वर आलेली होती. "सासऱ्यांची आहे," ती बंद दाराला म्हणाली. आनेग्रेट ट्रॅक्टरवर मोठ्याने हसली. तिचे हसणे दिवसभरात तेवढेच.

शेवटच्या बादल्या तिच्या स्वतःच्या होत्या, सगळ्यात जड. त्या तिच्या दाराशी उतरवल्यावर आनेग्रेट म्हणाली, "तुझ्या तरी घेऊन जाऊ का? हे काही घाण म्हणून ठेवलेलं नाही."

"नको. माझंही मलाच."

"उद्या येशील?"

"बाकं मांडायला येईन. भाषणाला नाही."

आनेग्रेटने मान हलवली आणि ट्रॅक्टर उतारावरून निघून गेला. शीतघराची बाराही दारे उघडी होती, जमीन धुतलेली होती. फ्रीडेने तेवढे केले होते, कारण धुतल्याशिवाय सोडणे तिच्या हातांना जमेना.

सेंद्रिय कचऱ्याची गाडी पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हती. या उन्हात तोवर बादल्या दाराशी ठेवणे शक्य नव्हते, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते. फ्रीडेने फावडे घेतले आणि घरामागच्या बागेत वाटाण्याच्या वाफ्याशेजारी खणायला लागली. माती कडक होती. खड्डा कमरेइतका खोल व्हायला वेळ लागला. तिने मांस त्यात ओतले, त्याच्यावर आलोइसची सॉसेजेस एकेक करून ठेवली. फेकली नाहीत. मग हातमोजा काढून उघड्या हाताने पहिली मूठभर माती टाकली, जशी फेब्रुवारीत टाकली होती, आणि तिला रडू आले. रडून झाल्यावर तिने फावडे उचलले.

माती ढकलताना तिला दुसऱ्या फावड्याचा आवाज आला. कुंपणापलीकडे हिल्ट्रुडच्या बागेत. खण, थांब, खण. थोड्या वेळाने त्याच्यापलीकडे आणखी एक, दगडावर आदळलेला. मग उताराच्या खाली बुर्कहार्टच्या बाजूने. ऊन कलले होते, रस्त्याकडच्या झडपा सगळ्या बंद होत्या, आणि घरांमागे एका बागेपाठोपाठ दुसऱ्या बागेत माणसे वाकून खणत होती. कोणी कोणाला हाक मारली नाही. कुंपणे छातीएवढीच होती, मान वर केली असती तर सगळे सगळ्यांना दिसले असते. कोणी मान वर केली नाही. फ्रीडेने आपला खड्डा बुजवला आणि पायाने माती दाबून सारखी केली.